बारांतून चार गेले, तीन आले

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसें गणित चुकलें, आणि तें चुकविणारा मी होतों. ज्यानें उणींपुरीं अडतीस वर्षें दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यांत घालविलीं, त्यानें तिसरींतल्या मुलीच्या वहीवर तांबड्या पेन्सिलीची फुली मारावी आणि ती फुलीच चुकीची ठरावी, ही गोष्ट घरांत लपून राहण्यासारखी नव्हती. घरांत सर्वांस ठाऊक झालीच आहे, तेव्हां ती चारचौघांत सांगण्यासही हरकत नाहीं, असें वाटून येथें लिहीत आहें. कदाचित् वाचकांपैकीं एखाद्या आजोबांच्या हातूनही अशीच फुली पडली असेल.

आमचें घर दापोडीस, रेल्वे स्टेशनापासून हांकेच्या अंतरावर आहे. मुळा आणि पवना या दोन नद्यांची बेरीज आमच्या गांवापाशींच होते. हॅरिस पुलावरून पुण्याकडे जाणारा रस्ता, एस्. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचें विस्तीर्ण आवार आणि २०२३ च्या ऑगस्टपासून येथें थांबूं लागलेली मेट्रो, एवढ्या गजबजाटाच्या मधोमध आम्ही नऊ माणसें एका छपराखालीं राहतों. दिवेलागणीनंतर नातवंडांचा अभ्यास घेण्याचें काम माझ्याकडे आहे. हें काम मला कोणीं सोंपविलें नाहीं; सेवानिवृत्त माणूस जसें दळण आणण्याचें किंवा विजेचें बिल भरण्याचें काम आपण होऊन अंगावर घेतो, तसें मीं तें घेतलें.

त्या दिवशीं धाकट्या नातीच्या वहींत पुढील उदाहरण होतें:

१२ − ४ + ३ =

तिनें उत्तर लिहिलें होतें ११. मीं चष्मा सांवरला आणि म्हणालों, "अग, हें चुकलें. 'कंचेभागुबेव' ठाऊक नाहीं का तुला?" तिला तें ठाऊक नव्हतें, तिच्या इयत्तेस तें अद्याप नाहींच. पण मला ठाऊक होतें, आणि ठाऊक असलेली गोष्ट योग्य प्रसंग नसतांही सांगणें हा आम्हां वृद्धांचा स्वभावच आहे. मीं समजावून सांगितलें: कंस आधीं, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि सर्वांत शेवटीं वजाबाकी. म्हणून ४ आणि ३ यांची बेरीज आधीं, ती ७. आणि १२ मधून ७ गेले म्हणजे ५. ती म्हणाली, "पण आजोबा..." मीं म्हटलें, "पण नाहीं नि परंतु नाहीं." तिनें निमूटपणें ११ खोडून ५ लिहिले.

दुसऱ्या दिवशीं वही परत आली, ती त्या पांचावर फुली घेऊनच. मुलगी रडली नाहीं, तक्रारही केली नाहीं. तिनें वही माझ्यापुढें उघडी ठेवली आणि ती खेळायला निघून गेली. इतकेंच असतें तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. परंतु पुढचे चार दिवस ती प्रत्येक उदाहरणाशीं अडूं लागली. ७ + ५ − २ असें साधें उदाहरण असलें तरी पेन्सील हातांत धरून विचारी, "आजोबा, आधीं कोणतें करूं?" यापूर्वीं ती असें कधींही विचारीत नसे. डोळे किंचित् मिटून, ओठांतल्या ओठांत कांहीं पुटपुटून ती उत्तर लिहीत असे आणि तें बहुधा बरोबर येई. माझ्या एका फुलीनें तिचें तें पुटपुटणें बंद पाडलें होतें. गणिताच्या एका गुणाचें मला कांहींच वाटलें नाहीं. पण आठ वर्षांच्या मुलीनें आपल्या डोक्यावरचा विश्वास माझ्या डोक्याकडे सोंपवावा, आणि माझें डोकें त्या विश्वासास पात्र नसावें, हें मात्र मला लागलें.

उलगडा केला तो धाकट्या सूनबाईनें. ती रोज सकाळच्या लोकलनें दापोडीहून शिवाजीनगरला कामावर जाते. भाजी निवडतां निवडतां ती म्हणाली, "बाबा, आमच्या बायकांच्या डब्याचें गणित सांगूं का? कासारवाडीहून गाडी सुटली तेव्हां आमच्या कोपऱ्यांत बारा बायका होत्या. दापोडीला चार उतरल्या, तीन चढल्या. खडकीला पोंचलों तेव्हां किती?" नात पलीकडून ओरडली, "अकरा!" आणि लगेच माझ्याकडे पाहून गप्प झाली.

मीं मनांत पुन्हां हिशेब केला. बारांतून चार गेल्या, आठ राहिल्या. तीन आल्या, अकरा झाल्या. मीं जें केलें होतें त्याचा अर्थ असा होता, कीं चढावयास आलेल्या त्या तीन बायकांनाही मीं उतरणाऱ्यांतच गणून फलाटावर उभें केलें होतें. बिचाऱ्यांनीं तिकिटें काढलेलीं, आणि माझ्या सूत्रानें त्यांची गाडी चुकविलेली! आणखी लाजेची गोष्ट ही, कीं कचेरींत अडतीस वर्षें मीं दुसरें काय केलें? आरंभींची शिल्लक बारा, खर्च चार, जमा तीन, अखेरची शिल्लक अकरा. कोणा कारकुनानें खर्च आणि जमा एकत्र मिळवून तें सारें शिलकेंतून वजा केलें असतें, तर मीं त्याला दुसरें काम पाहावयास सांगितलें असतें. पण तेंच गणित आंकड्यांच्या ओळींत आलें तेव्हां माझी अक्कल एका मंत्रापुढें हात जोडून उभी राहिली.

त्या मंत्राचा दोष आहे तो एवढाच, कीं तो अर्धा पाठ होतो. 'भागु' हीं दोन अक्षरें एका पायरीवरचीं आहेत आणि 'बेव' हींही दोन एकाच पायरीवरचीं आहेत. बेरीज आणि वजाबाकी यांत कोणी वडील नाहीं, कोणी धाकटें नाहीं. डावीकडून उजवीकडे वाचीत जातांना जें आधीं भेटेल तें आधीं करावयाचें. अक्षरें मात्र एकामागून एकच उच्चारतां येतात, म्हणून 'बे' पुढें गेला आणि 'व' मागें राहिला. याचा एक गंमतीचा पुरावा आहे. इंग्रजी शाळांत याच कामासाठीं 'बोडमास' हा शब्द घोकवितात. त्यांत आपल्यासारखाच भागाकार आधीं व गुणाकार मागून येतो. अमेरिकेंतील मुलें 'पेमडास' घोकतात, आणि त्यांत गुणाकार आधीं असून भागाकार मागें आहे. अक्षरांचा क्रम हाच खरा क्रम असता, तर एकाच उदाहरणाचें उत्तर समुद्र ओलांडतांच बदललें असतें. तसें तें बदलत नाहीं, कारण तेथेंही त्या दोन क्रिया एकाच पायरीवर आहेत. आमच्या शाळेंत हें सांगितलें गेलें असेल. मीं तें ऐकलें नसेल. पाठांतर एकदां पक्कें झालें, कीं मागाहून येणारी पुरवणी कोण ऐकतो?

दुसरी एक दृष्टि याहून सोपी वाटते. चिन्ह हें आपल्या पुढच्या आंकड्याच्या गळ्यांत बांधलेलें समजावें. १२ − ४ + ३ यांत वजाचें चिन्ह चारांचें आहे, तीनांचें नव्हे. तीनांच्या गळ्यांत अधिकाचें चिन्ह आहे. मग आंकडे हवे तसे हालवा. मात्र ज्याचें चिन्ह त्याच्याबरोबर जाऊं द्या. १२ + ३ − ४ केलें तरी अकराच येतात. जमाखर्चांतील नोंद पानावर वर असो कीं खालीं असो, जमेची ती जमा आणि खर्चाचा तो खर्च, तसेंच हें.

आतां माझें ५ हें उत्तर अगदींच टाकाऊ होतें का? तें उत्तर खरें आहे, पण निराळ्या गोष्टीचें. डब्यांत बारा बायका. दापोडीस चार मोठ्या बायका आणि त्यांच्याबरोबर तीन मुली उतरल्या. चढलें कोणीच नाहीं. आतां मात्र सात गेल्या आणि पांच उरल्या. ही गोष्ट लिहावयाची तर कंस हवा: १२ − (४ + ३). नातीला हें एका दमांत कळलें. ती म्हणाली, "म्हणजे कंस म्हणजे एकदम उतरलेलीं माणसें." कंसाची याहून चांगली व्याख्या मीं कोठें वाचलेली नाहीं.

शाळेच्या पुस्तकांत अशा मांडणीस 'पदावली' म्हणतात. पदावली म्हणजे आंकड्यांत लिहिलेलें वाक्य. तें वाचतां आलें पाहिजे आणि गोष्ट ऐकून लिहितांही आलें पाहिजे. घरोघर आपण मुलांना वाचावयास, म्हणजे उत्तर काढावयास लावतों. लिहावयास मात्र फारसें लावीत नाहीं. नातीचें हरवलेलें पुटपुटणें परत आणावें म्हणून मीं उलटा क्रम धरला. मी पदावली देई आणि ती गोष्ट सांगे, किंवा ती गोष्ट सांगे आणि मी पदावली लिहीं. या खेळांत घरांतलीं सर्वच माणसें हळूहळू ओढलीं गेलीं.

एके रात्रीं मीं तिला भास्कराचार्यांची गोष्ट सांगितली. 'लीलावती' हा ग्रंथ ११५० सालचा. भास्कराचार्यांचें नांव खानदेशाशीं जोडलें गेलें आहे तें चाळीसगांवजवळच्या पाटणें येथील शिलालेखामुळें. आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांच्या नातवानें तेथें मठ स्थापिला, असें त्यांत कोरलें आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो लेख उजेडांत आणला. नातवानें आजोबांसाठीं मठ काढल्याचें ऐकून आमच्या नातीनें माझ्याकडे जरा संशयानेंच पाहिलें.

त्या 'लीलावतीं'त बेरीज-वजाबाकीचें पहिलें उदाहरण आहे तें एका मुलीलाच घातलेलें आहे. २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारांतून वजा करून काय उरतें तेंही सांग, असा त्याचा भाव आहे. आमच्याकडे हें उदाहरण चौघांनीं सोडविलें आणि चौघांच्या रीति निराळ्या. थोरल्या नातवानें एकाखालीं एक मांडून केलें. माझ्या मंडळींनीं बोटांच्या पेरांवर केलें. सर्वांत सुबक केलें तें धाकटीनें: बत्तीस आणि अठरा पन्नास, एकशें त्र्याण्णव आणि पांच आणि दोन दोनशें, दहा आणि शंभर एकशें दहा, मिळून तीनशें साठ. दहा हजारांतून तीनशें साठ गेले, नऊ हजार सहाशें चाळीस उरले.

मग मीं तें एका ओळींत लिहावयास सांगितलें आणि येथेंच खरी मौज झाली. थोरल्यानें लिहिलें:

१०००० − २ + ५ + ३२ + १९३ + १८ + १० + १००

धाकटी एकदम म्हणाली, "दादा, तूं नुसते दोनच काढलेस, बाकीचे सगळे आंत चढले!" खरोखरच या ओळीचें उत्तर १०३५६ येतें. वजा करावयास गेलों आणि दहा हजारांचे दहा हजार तीनशें छप्पन्न झाले! मुंबईचे सावकारही इतकें व्याज घेत नसतील. कंस घालून तें १०००० − (२ + ५ + ३२ + १९३ + १८ + १० + १००) असें लिहिलें तेव्हां ९६४० हातीं लागले. संस्कृत श्लोकांत अशा कंसाची गरज पडत नाहीं. भाषेंतले प्रत्ययच कंसाचें काम करतात. आंकड्यांना प्रत्यय लागत नाहींत, म्हणून त्यांना भिंती घालाव्या लागतात.

आणि हीं + व − चिन्हें तरी किती अलीकडचीं! छापील पुस्तकांत तीं प्रथम दिसतात तीं १४८९ सालीं, लाइप्झिग येथें योहान्नेस विडमान यानें व्यापाऱ्यांसाठीं लिहिलेल्या हिशेबाच्या पुस्तकांत. = हें बरोबरीचें चिन्ह वेल्समध्यें जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यानें १५५७ सालीं काढलें; दोन समांतर रेघांइतक्या सारख्या गोष्टी दुसऱ्या कोणत्या असणार, असा त्याचा विचार होता. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें आपल्याकडे ब्रह्मगुप्तानें, ६२८ सालीं, अधिक राशींना धन आणि उण्या राशींना ऋण म्हणून त्यांचे नियम सांगून ठेवले. हीं नांवें व्यवहारांतलीं आहेत: गांठीचा पैसा तें धन, देणें असलेला तें ऋण. भास्कराचार्यांच्या परंपरेंत ऋण राशीच्या डोक्यावर टिंब देत. १८८१ सालीं पेशावरजवळ बक्षाली गांवीं सांपडलेली भूर्जपत्रावरची जुनी पोथी सध्यां ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. तींत तर उण्या संख्येच्या मागें चक्क + अशी खूण केलेली आढळते. म्हणजे ज्या खुणेला आपण आज अधिक म्हणतों, तीच त्या लेखकाला वजा होती! मुलें चिन्हांत गोंधळतात म्हणून त्यांच्यावर डोळे वटारण्यापूर्वीं ही पोथी आठवावी. चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. चार माणसांनीं मिळून तो ठरविलेला असतो.

मराठी भाषेनें मात्र हीं चिन्हें शब्दांतच मुरवून ठेविलीं आहेत, आणि आपण तीं रोज तोंडांत घोळवितों. एकोणीस म्हणजे एकानें ऊन वीस, म्हणजे २० − १. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत हीच तऱ्हा. फक्त नव्व्याण्णव तेवढा फटकून वागतो. पाऊण म्हणजे पावानें ऊन एक. घड्याळांत पावणेआठ वाजले म्हणजे आठांतून पाव तास वजा. सव्वाआठ म्हणजे आठांत पाव तास मिळविलेला. सव्वाशें म्हणजे १०० + २५, पावणेदोनशें म्हणजे २०० − २५. माझी मंडळी शाळेंत चौथ्या इयत्तेपलीकडे गेली नाहीं, पण दुधाचा, इस्त्रीचा, मोलकरणीचा हिशेब ती सव्वा-पावणेंच्या भाषेंत जितक्या झटक्यानें करते, तितक्या झटक्यानें आमच्या पदवीधर चिरंजीवांस यंत्रावर बोटें फिरवूनही करतां येत नाहीं.

याच संदर्भांत २०१९ च्या जूनमधील तें वादळ वाचकांस आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीसला 'वीस एक', त्रेपन्नला 'पन्नास तीन' असें म्हणण्याची रीत आली, आणि वर्तमानपत्रांतून, विधानसभेंतून, लग्नाच्या पंगतींतून तिच्यावर तोंडसुख घेतलें गेलें. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या २०२३ सालीं निवर्तल्या. त्यांचें सांगणें असें, कीं मराठी मूल एकवीस ऐकतें तेव्हां आधीं एक ऐकतें आणि मग वीस. पण लिहितांना आधीं दोन लिहावे लागतात आणि मग एक. या उलटापालटीनें लहान मुलें अडखळतात. रूढ शब्द पुस्तकांतून हद्दपार झाले नव्हते; जोडीला नवी रीत दिली होती. मी स्वतः त्या वेळीं विरुद्ध पक्षांत होतों, आणि 'आपल्या भाषेचे आतां तुकडे करणार' अशा अर्थाचें एक वाक्य मीं सोसायटीच्या बैठकींत पुष्कळ जोरानें उच्चारलें होतें. आज वाटतें, कीं 'वीस एक' काय आणि 'एकवीस' काय, दोन्ही पदावल्याच आहेत: २० + १ आणि १ + २०. बेरजेंत क्रम उलटला तरी बिघडत नाहीं. आपल्या शेजारचे कानडी लोक आधीं वीसच म्हणतात. उलट आमचा धाकटा चिरंजीव चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत आहे, त्याचा जर्मन लोकांशीं संबंध येतो. तो सांगतो, कीं जर्मन माणूस एकवीसला 'एक-आणि-वीस' असेंच म्हणतो, अगदीं आपल्यासारखें. तरीही त्यांची यंत्रें बरीं चालतात. माझें आजचें मत असें: रूढ शब्द राहावेत, ते गोड आहेत आणि त्यांच्या पोटांत गणित आहे, पण जें मूल अडखळतें त्याला वीस एक म्हणूं दिल्यानें मराठी बुडत नाहीं. बुडतें तें मूल गप्प बसल्यानें.

आतां बरोबरीच्या चिन्हाविषयीं थोडें सांगावयाचें आहे, कारण घरोघर चुका होतात त्या बहुधा येथें. आमच्या थोरल्या नातवाची वही पाहतांना मला अशी ओळ दिसली: १२ − ४ = ८ + ३ = ११. उत्तर बरोबर, पण वाक्य खोटें. १२ − ४ हें कधींही ८ + ३ च्या बरोबरीचें नाहीं. आठ आणि अकरा सारखे कसे असतील? मुलगा = या खुणेचा अर्थ 'आतां उत्तर लिहा' असा करीत होता. खरा अर्थ तराजूचा आहे: दोन्ही पारडीं समतोल. हल्लीं भाजीवाल्याकडेही विजेचा कांटा असतो, त्यामुळें मुलांना दोन पारडीं दिसतच नाहींत, हेंही खरें. वाचकांनीं जेवणाच्या वेळीं घरांतील लहानथोरांस एक उदाहरण घालून पाहावें:

८ + ४ = □ + ५

चौकोनांत काय लिहाल? अमेरिकेंतील अभ्यासकांनीं हें उदाहरण मुलांना घातलें, तेव्हां बहुतेकांनीं १२ किंवा १७ असें उत्तर दिलें. आमच्या पंगतीला तीन ताटांवरून १२ आले, आणि त्यांतील एक ताट अभियंत्याचें होतें. त्याचें नांव सांगत नाहीं, कारण तो हा लेख वाचणार आहे. डाव्या पारड्यांत बारा आहेत. उजवीकडे पांच आधींच पडले आहेत. समतोलासाठीं आणखी सात हवेत.

आणखी एक खड्डा शब्दांचा. 'एकूण', 'मिळून', 'जास्त' हे शब्द दिसले कीं बेरीज, आणि 'उरले', 'कमी' दिसले कीं वजाबाकी, अशी युक्ति पुष्कळ शिकवण्यांतून सांगितली जाते. मीं नातीला विचारलें: "तुझ्याकडे नऊ पेढे आहेत. ते दादाच्या पेढ्यांपेक्षां चार जास्त आहेत. दादाकडे किती?" जास्त हा शब्द ऐकून मोठ्यानें तत्काळ तेरा म्हटलें. धाकटी हंसली. "माझ्याकडे जास्त आहेत ना? मग तुझ्याकडे तेरा कसे?" तिनें ९ − ४ लिहिलें. पुटपुटणें परत आलें होतें. तिला शब्द दिसत नव्हता, पेढे दिसत होते.

वजाबाकीचें बेरजेशीं असलेलें नातें शिकवावयास आमच्या कोपऱ्यावरचे वाणी मला अधिक लायक वाटतात. त्रेसष्ट रुपयांचा जिन्नस घेऊन शंभराची नोट दिली, तर ते शंभरांतून त्रेसष्ट वजा करीत बसत नाहींत. "त्रेसष्ट, दोन पासष्ट, पांच सत्तर, आणि तीस शंभर" असें म्हणत दोन, पांच आणि तीस रुपये हातावर ठेवतात. ६३ + □ = १०० हेंच ते सोडवितात; हातच्याची कटकट नाहीं. हल्लीं मोबाईलवरून पैसे देण्याच्या चालीमुळें सुटे परत करण्याचा हा पाठ दुकानांतून नाहींसा होत चालला आहे. म्हणून मी अजून नातवंडांना नोटा देऊनच वाण्याकडे पाठवितों, आणि परत आलेले सुटे न मोजतां घेत नाहीं.

नातीची माफी मीं मागितली का, असें आमच्या मंडळींनीं मला दोनदां विचारलें. मागितली. वहीच्या त्याच पानावर, तिच्या बाईंच्या फुलीखालीं, तांबड्या पेन्सिलीनेंच लिहिलें: "११ बरोबर होते. चूक आजोबांची." तिनें तें वाचलें, आणि 'आजोबांची' हा शब्द जरा वांकडा आला आहे तो नीट काढा, असें सांगितलें.

परवां संध्याकाळीं तिनें मला उदाहरण घातलें: ३ − ५ + ४. मीं विचार केला, हिला अद्याप ऋण संख्या शिकविलेल्या नाहींत, म्हणून म्हणालों, "बाई, डब्यांत तीनच बायका, पांच उतरणार कशा?"

"आधीं चार चढूं द्या ना, आजोबा. मग सात होतील, मग पांच उतरतील. राहिल्या दोन."

सूनबाई आंतून म्हणाली, "लोकलमध्यें आधीं उतरणाऱ्यांना वाट द्यावी लागते. नाहींतर दारांत चेंगराचेंगरी."

नात थोडा वेळ थांबली. ओठ हालत होते. मग म्हणाली, "मग दोन बायका उधार घेऊं. त्या उतरल्या असं समजूं. चार चढल्या कीं त्यांतून दोन फेडूं. तरी दोनच राहतात."

मीं पेन्सील खालीं ठेवली आणि तिला म्हटलें, "ती उधारी कशी लिहायची, तें तूंच ठरव." ती अजून ठरवीत आहे. काल तिनें दोनाच्या डोक्यावर एक टिंब देऊन पाहिलें, आणि मग तें खोडून दोनाच्या शेजारीं एक लहानशी रिकामी पिशवी काढली.